इवेलुमोची ती एक संधी, आणि बाकीची वर्षं

नमस्कार,

स्कॉटलंडचा फुटबॉलपटू क्रिस इवेलुमो याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. तीन यार्डांवरून रिकाम्या गोलात चेंडू घालता न आलेल्या माणसाचं एवढं लांबलचक कौतुक कशाला? त्याच्या त्या चुकीमुळे स्कॉटलंडचा २०१०चा वर्ल्ड कप हुकला, हे मी लिहिलंच नाही. आणि ज्याला एवढ्या क्लबांनी घेतलं नि सोडून दिलं, त्याच्यात सांगण्यासारखं काय असणार? शेवटी तुम्ही म्हणता, "आमच्या पेठेतलं शाळकरी पोरगंसुद्धा तो गोल मारेल."

वर्ल्ड कपपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचा हिशेब चुकतोय.

११ ऑक्टोबर २००८, ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क, वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीतला सामना, समोर नॉर्वे. इवेलुमो तेव्हा ३० वर्षांचा होता आणि देशाकडून पहिल्यांदाच खेळत होता. उत्तरार्धात तो जेम्स मॅकफॅडनच्या जागी उतरला. थोड्याच वेळात गॅरी नेस्मिथनं डावीकडून चेंडू गोलसमोर टाकला, इवेलुमो अगदी तोंडाशी होता, गोल उघडा होता, आणि त्यानं चेंडू पोस्टच्या बाहेर घातला. सामना ०-० सुटला. इथवर आपलं एकमत आहे.

आता पात्रता गटाचा शेवट पाहा. नेदरलँड्स २४ गुण, नॉर्वे १०, स्कॉटलंड १०. नॉर्वे गोलफरकानं दुसरी. तुम्ही म्हणता तसं तो गोल झाला असता आणि बाकीचे सगळे निकाल तेच राहिले असते, तर स्कॉटलंडचे १२ गुण झाले असते, नॉर्वेचे ९. म्हणजे स्कॉटलंड दुसरा. पण दुसऱ्या क्रमांकाला थेट प्रवेश नव्हता. नऊ गटांतल्या नऊ उपविजेत्यांपैकी आठच प्लेऑफला, म्हणजे उरलेल्या जागांसाठीच्या बाद लढतींना, जाणार होते, आणि गट सारखे नसल्यानं सहा संघांच्या गटांत तळाच्या संघाविरुद्धचे निकाल वगळून तुलना होत होती. त्या यादीत आठवा होता आयर्लंड, १२ गुणांवर. म्हणजे स्कॉटलंड आणि आयर्लंड बरोबरीत. मग गोलफरक. आयर्लंडचा अधिक २. स्कॉटलंडनं आठ सामन्यांत ६ गोल केले आणि ११ खाल्ले. इवेलुमोचा तो एक मिळवला तरी उणे ४. त्या गोलानंतरही नववा राहिला असता स्कॉटलंडच, आणि घरी बसला असताही तोच.

स्कॉटलंड बाहेर पडला तो स्कोप्येमध्ये मॅसिडोनियाकडून ०-१ हरल्यामुळे, ऑस्लोमध्ये नॉर्वेकडून ०-४ हरल्यामुळे, आणि आठ सामन्यांपैकी पाचांत एकही गोल न झाल्यामुळे. या पाच कोरड्या सामन्यांचा भार एका माणसाच्या एका पायावर टाकणं मला अन्याय वाटतो. मूळ लेख लिहिताना हाच अन्याय माझ्या डोक्यात होता.

हे खापर त्याच्यावरच का फुटलं, याला आणखी एक कारण आहे. त्या दिवशी रेंजर्सचा क्रिस बॉइड बाकावर बसून होता. गोल मारण्यात देशात त्याचं नाव होतं, आणि प्रशिक्षक जॉर्ज बर्लींनी त्याला न उतरवता इवेलुमोला उतरवलं. सामन्यानंतर बॉइडनं जाहीर केलं की बर्ली आहेत तोवर मी स्कॉटलंडकडून खेळणार नाही. लोकांचा राग खरं तर प्रशिक्षकाच्या निवडीवर होता. पण पुन्हा पुन्हा दाखवायला चित्रफीत इवेलुमोची होती.

आता क्लबांबद्दल. संख्या तुम्ही मोजली आहे, पण त्यातले यॉर्क, चेल्टनहॅम, ब्रायटन, ब्रिस्टल सिटी, नॉट्स काउंटी, ओल्डहॅम हे सगळे लोनवरचे, म्हणजे मूळ क्लबानं काही काळासाठी उसने दिलेले. लोनवर खेळाडू मागणाऱ्या क्लबाला हंगामाच्या मध्यात अडचण असते: कुणी जायबंदी असतं, गोल होत नसतात. अशा वेळी ते ज्याला मागतात त्याच्याबद्दल त्यांना एवढं ठाऊक असतं की हा आल्या दिवसापासून झुंजेल. उरलेल्यांत स्कॉटलंडच्या सेंट मिरनमधून डेन्मार्कच्या ऑर्हूस फ्रेमादला जाणं आहे, तिथून इंग्लंडमधलं स्टोक, मग जर्मनीत दुसऱ्या बुंडेसलिगातल्या आलेमानिया आखेनमध्ये एक हंगाम. स्कॉटलंडमधल्या कोटब्रिजचा पोरगा विशीतच दोन परक्या देशांत जाऊन खेळला. नको असलेल्या माणसाचा प्रवास मला यात दिसत नाही.

इंग्लंडमधल्या कोलचेस्टर क्लबावर मी मूळ लेखात दोनच ओळी लिहिल्या, ही माझी चूक. तिथंच सगळं आहे. तेव्हाचं कोलचेस्टर म्हणजे लेयर रोडचं जुनं, चिंचोळं, सहा हजारांच्या आसपास माणसं मावणारं मैदान. २००५-०६ मध्ये फिल पार्किन्सनच्या हाताखाली हा संघ लीग वन या इंग्लंडमधल्या तिसऱ्या विभागात दुसरा आला आणि चॅम्पियनशिप या दुसऱ्या विभागात, प्रीमियर लीगच्या एक पायरी खाली, पोहोचला. वर गेल्यावर हे लगेच खाली येणार, असंच बहुतेकांना वाटत होतं. संघ दहावा आला. इप्सविच, नॉर्विच, लेस्टर हे सगळे त्यांच्या खाली. लीड्स तर तळाला जाऊन खालच्या विभागात घसरला. त्या हंगामात जेमी क्युरटननं २३ गोल मारले आणि चॅम्पियनशिपमध्ये सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. इवेलुमोचे १८. हल सिटीला कोलचेस्टरनं ५-१ हरवलं, त्यातले चार एकट्या इवेलुमोचे.

पण मला त्या १८ पेक्षा क्युरटनच्या २३ बद्दल बोलायचं आहे. क्युरटन लहान चणीचा, चपळ. त्याच्या शेजारी सहा फुटांहून बराच उंच इवेलुमो. मागून उंच चेंडू येतो, पाठीला सेंटर बॅक, म्हणजे समोरच्या संघाचा मधला बचावपटू, चिकटलेला असतो, कोपरं लागतात, आणि या माणसानं उडी मारून चेंडू डोक्यानं बाजूला द्यायचा किंवा छातीवर घेऊन दोन सेकंद सांभाळायचा. तेवढ्यात क्युरटन मोकळ्या जागेत पळतो. समोरच्या संघाचे दोन बचावपटू इवेलुमोला धरून बसले की एकाच्या वाटची जागा आपोआप सुटते. हे काम नव्वद मिनिटं, हंगामात चाळीसेक सामने, वर्षानुवर्षं करायचं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तुम्हीही मॅचेस बघता, असं प्रतिक्रियेवरून दिसतं. मग असा खेळाडू तुम्ही पाहिला असेलच. संघ जिंकल्यावर पोरं खांद्यावर दुसऱ्याला घेतात आणि हा कोपऱ्यात बसून घोट्यावर बर्फ लावत असतो.

ब्रायटनचं उदाहरण द्यायचं राहिलं होतं, ते आता देतो. ३० मे २००४, कार्डिफ, वरच्या विभागात जाण्यासाठीच्या प्लेऑफचा अंतिम सामना, समोर ब्रिस्टल सिटी. संपायला काही मिनिटं उरली असताना इवेलुमो पेनल्टी क्षेत्रात घुसला आणि डॅनी कोल्सनं त्याला पाडलं. पेनल्टी लिऑन नाइटनं मारली. ब्रायटन १-० जिंकलं आणि वरच्या विभागात गेलं. गोलांच्या नोंदीत नाव नाइटचं आहे, आणि ते बरोबरच आहे. मी फक्त एवढंच म्हणतोय की पाडला कोण गेला, तेही लक्षात ठेवावं.

त्याच्या नंतरच्या वुल्व्ह्ज या क्लबाबद्दल तुम्ही लिहिलंय की "तिथंही त्याला प्रीमियर लीग झेपली नाही." हे खरं आहे. २००८-०९ मध्ये लीगमधले १४ गोल मारून त्यानं संघाला चॅम्पियनशिप जिंकून दिली, त्यात सिल्व्हन इबँक्स-ब्लेक त्याच्याहून पुढे होता. वर गेल्यावर इवेलुमोला थोडेच सामने मिळाले, गोल एकही झाला नाही, आणि हंगाम संपायच्या आत तो लोनवर ब्रिस्टल सिटीला गेला. स्कॉटलंडकडूनही एकूण चार सामने, शून्य गोल. त्याची झेप कुठवर होती हे यातून कळतं, आणि मी ती वाढवून सांगितलेली नाही. डेनिस लॉ आणि केनी डॅलग्लिश यांच्याबद्दल का लिहीत नाही, असं तुम्ही विचारलंय. दोघांचे स्कॉटलंडकडून प्रत्येकी ३० गोल आहेत आणि त्यांच्याबद्दल मराठीत वाचायला मिळतं. लेयर रोडबद्दल मिळत नाही.

पेठेतल्या पोराची गोष्ट राहिली. तो गोल खरंच कुणीही मारायला हवा होता. मी मूळ लेखात "दुर्दैवानं चेंडू बाहेर गेला" असं लिहिलं होतं. तुम्ही त्या शब्दाला हरकत घेतलीत आणि ती रास्त आहे. दैवाचा तिथं काही संबंध नव्हता. चेंडू सरळ येत होता आणि त्यानं तो चुकीचा मारला. आज सकाळी मी लेखातला तो शब्द काढून "त्यानं चेंडू बाहेर मारला" असं केलं आहे. बाकी लेख आहे तसाच ठेवतो, फक्त कोलचेस्टरचा भाग वाढवतो.