विहिरी कशानं आटल्या ते भांडून नाही, मोजून कळतं

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तेच सुरू झालंय. आमचा पट्टा वर्धा नदीकाठचा, चंद्रपूर जिल्हा, आजूबाजूला ओपनकास्ट, म्हणजे उघड्या कोळसा खाणी आणि ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाचे डोंगर. अर्धे म्हणतात विहिरी खाणीनं आटवल्या, अर्धे म्हणतात पाऊसच धड पडत नाही, बोअर वाढल्या, उगाच खाणीच्या नावानं बोंबलू नका, आपलीच पोरं तिथं कामाला आहेत. मी एवढंच लिहिलं की आकडे मागवा, तर लगेच, "दादा, ऑस्ट्रेलियात बसून आम्हाला शिकवू नका."

अरे पण मी इथं हंटर व्हॅलीत कोळसा खाणींभोवतीचं पाणीच मोजतो, त्यावरच माझं घर चालतं. आधी टेप सोडून पातळी घ्यायची, मग बोअरमधलं साचलेलं पाणी उपसून टाकायचं, ईसी (पाणी किती खारं ते दाखवणारा आकडा) आणि पीएच (आम्लता) स्थिर झाले की मगच बाटली भरायची. एकाच जागी दोन पिझोमीटर, म्हणजे भूजलाची पातळी मोजायच्या नळ्या असतात, एक वरच्या गाळात, एक खाली कोळशाच्या थरात. खालची पातळी धडाधड उतरतेय आणि वरची जागेवर आहे, तर पावसाकडे बोट दाखवता येत नाही, खाणीचा उपसा आधी तपासावा लागतो. दोन्ही उतरल्या तर पाऊस, शेतीचे पंप, सगळंच बघायचं. ग्रुपवरचं निम्मं भांडण या दोन नळ्यांनी मिटेल.

आणि नदीचं म्हणाल तर इथं खाणीचं खारं पाणी हंटर नदीत मनाला येईल तेव्हा सोडता येत नाही, नदीला भरपूर पाणी असेल तेव्हाच, तेही पूर नसेल तर क्रेडिट, म्हणजे मीठ सोडायचा ठरलेला वाटा, असेल तेवढंच, आणि नदीकाठच्या सिंगलटन गावाला ईसी 900 च्या आत राहील हे बघून. मोजलेले आकडे कंपनीला लोकांसमोर ठेवावे लागतात. एकानं ग्रुपवर टोमणा मारला की तुमच्याकडे खाण संपली की खड्डे तसेच सोडतात. सोडतात, खरंय. पण म्हणून आपल्या विहिरी मोजायच्या नाहीत का?

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. खाणीच्या पर्यावरण मंजुरीतच अट असते, भूजल वर्षातून चारदा मोजायचं, एप्रिल-मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी, आणि दर सहा महिन्यांनी अहवाल द्यायचा. मग ग्रामसभेत विचारा ना, आमच्या गावातली कुठली विहीर तुमच्या यादीत आहे, नाल्याचा नमुना खाणीच्या वरून घेता की खालून, की दोन्हीकडून? आणि पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून गप्प बसू नका. कोळशातल्या पायराइटला (लोखंड-गंधकाच्या खनिजाला) हवा-पाणी लागलं की सल्फेट तयार होतं, ते डोळ्यांना दिसत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला 200 मिलिग्रॅम ही मर्यादा, दुसरं पाणीच नसेल तर 400.

मला लागलं ते वेगळंच. इथं मीटिंगला गेलो की शेतकरी मला खाणीचा माणूस म्हणून बघतात, गावात मी परदेशातला. सातबाऱ्यावर नाव आहे, पण त्या विहिरीचं पाणी मी पीत नाही हे कोणी तोंडावर फेकलं की माझ्याकडे उत्तर नसतं. तरी उन्हाळा लागला की काकांना पहिला प्रश्न तोच, किती पायऱ्या उघड्या पडल्या? काका पायरीवरूनच सांगतात, गेल्या साली मे मध्ये जी दिसली ती यंदा मार्चमध्येच दिसली. त्यांना सांगितलंय, दोरीला दगड बांधून दर पंधरा दिवसांनी मोजा, तारखेसकट वहीत लिहा, शेजारी पाऊसही लिहा. पावसाची बाजू घेणाऱ्यांनीही आपापल्या विहिरीवर हेच करावं, पाऊसच कारण असेल तर त्यांच्याही वहीत दिसेल.