ब्रिटपॉप ‘शुद्ध’ होता म्हणणाऱ्या त्या पोस्टला उत्तर

२०२५ च्या जुलैमध्ये कार्डिफला ओएसिस हा ब्रिटिश बँड परत स्टेजवर आला तेव्हापासून ब्रिटपॉपवर, म्हणजे ९० च्या दशकातल्या ब्रिटिश गिटार पॉपवर, एक पोस्ट फिरतेय, मूळ इंग्रजीत होती, आता कोणीतरी मराठीत पण करून टाकलीय आणि माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: ब्रिटिश गिटार पॉप म्हणजे तिथल्या मातीतलं शुद्ध संगीत, बीटल्स, किंक्स, स्मिथ्स, ओएसिस अशी एकच सरळ रेघ, बाहेरचं काही घेतलं नाही, ९० च्या दशकात ह्या पोरांनी अमेरिकन ग्रंजला, म्हणजे तिकडच्या खरखरीत गिटार रॉकला, पळवून लावलं, आणि मग ‘बाहेरच्यांची’ गर्दी झाली तसं सगळं संपलं. मराठीत शेवटी एक ओळ जास्तीची जोडलीय, ‘ह्याला म्हणतात स्वतःच्या संस्कृतीचा अभिमान, शिका काहीतरी.’

मी ही गाणी कॉलेजपासून ऐकतोय, पॉकेटमनी साठवून घेतलेल्या कॅसेटवर, आणि ह्यातल्या एकेका बँडवर माझा जीव आहे. म्हणूनच राहवत नाहीये. पोस्टमध्ये त्यांचं कौतुक आहे खरं, पण त्यांची खरी गोष्टच पुसून टाकलीय. तर एकेक मुद्दा घेऊ.

‘मुळं तिथल्याच मातीत’

ब्रिटनमधल्या पोरांनी गिटार हातात घेतली ती मुळात लॉनी डोनेगनमुळे. हा ग्लासगोत जन्मलेला, १९५६ मध्ये त्याचं ‘रॉक आयलंड लाइन’ प्रचंड गाजलं आणि गल्लोगल्ली पोरांनी स्वस्तातली गिटार, कपडे घासायची पत्र्याची फळी आणि चहाच्या खोक्याचा बास घेऊन बँड काढले. त्याला स्किफल म्हणायचे. आता ते गाणं कुठलं? अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या तुरुंगात कैदी गायचे ते, डोनेगनपर्यंत पोचलं ते लेड बेली ह्या काळ्या अमेरिकन गायकाकडून. जॉन लेननचा पहिला बँड क्वॉरीमेन हा असलाच एक स्किफल बँड, आणि १९५७ च्या जुलैत लिव्हरपूलच्या एका चर्चच्या जत्रेत तो वाजत असताना लेनन आणि मॅकार्टनी पहिल्यांदा भेटले. म्हणजे पोस्टमधली ती सरळ रेघ सुरूच होते अमेरिकन तुरुंगातून.

पुढे बीटल्सचा १९६३ चा दुसरा अल्बम घ्या, ‘विथ द बीटल्स’. १४ गाणी, त्यातली ६ दुसऱ्यांची, आणि त्या ६ मधली ३ डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची. शिवाय एक अमेरिकन रॉक अँड रोलवाल्या चक बेरीचं. हे लोक काही लपवत नव्हते, उलट प्रत्येक मुलाखतीत सांगायचे की आम्ही कोणाकोणाला ऐकून शिकलो. आणि स्टेजवर तासन् तास उभं राहून वाजवायची सवय त्यांना लागली ती जर्मनीत, हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये.

वाद्यांचं पण तेच. ५० च्या दशकात बराच काळ अमेरिकन गिटार ब्रिटनमध्ये आणायलाच मनाई होती, १९५९ मध्ये क्लिफ रिचर्डने आपल्या बँडमधल्या गिटारवादक हँक मार्विनसाठी एक फेंडर स्ट्रॅटोकास्टर अमेरिकेहून मागवली तर ती बघून तिथल्या पोरांचे डोळे विस्फारले. आणि हा क्लिफ रिचर्ड, ब्रिटनचा पहिला मोठा रॉक अँड रोल स्टार, जन्मला लखनौमध्ये. बरं ज्याला सगळे ‘ब्रिटिश आवाज’ म्हणतात तो मार्शल अ‍ॅम्प, गिटारचा आवाज मोठा करणारा? लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात तो बनला, पण नमुना म्हणून समोर ठेवला होता फेंडरचा बेसमन अ‍ॅम्प, म्हणजे परत अमेरिकाच.

‘किंक्स म्हणजे शंभर टक्के इंग्लिश’

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला कारण किंक्स माझे सगळ्यात लाडके. आणि हो, त्यांचा गायक रे डेव्हिस, त्याच्यासारखं इंग्लंड कोणी लिहिलं नाही, वॉटर्लू स्टेशन, चहा, गावातली हिरवळ, सगळं खरंय. पण १९६५ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाला टूरवर जाताना हे लोक आपल्या मुंबईत थांबले होते. भल्या पहाटे समुद्रावर कामाला निघालेल्या कोळ्यांचं एका लयीतलं गाणं रेच्या कानावर पडलं आणि ते त्याच्या डोक्यातून गेलंच नाही. त्यातून आलं ‘सी माय फ्रेंड्स’, त्याच वर्षी जुलैमध्ये. ऐका एकदा हेडफोन लावून, गिटार तंबोऱ्यासारखी एकाच सुराला धरून राहते आणि वर त्याचा आवाज झोपेत असल्यासारखा तरंगतो. बीटल्सनी ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये सतार वाजवली ती त्यानंतर, डिसेंबरमध्ये आली. हे रे डेव्हिसने स्वतः सांगितलंय, मी काही मुंबईकर म्हणून ओढून ताणून आणत नाहीये. त्या सकाळी गाणाऱ्या माणसांची नावं कुठल्याच रेकॉर्डवर नाहीत, आणि ‘शंभर टक्के इंग्लिश’ बँडच्या गाण्यात त्यांची लय अजून वाजतेय, ह्या गोष्टीने मला आजही भरून येतं.

अजून एक. किंक्स इतके इंग्लिश का झाले? १९६५ ते १९६९ त्यांना अमेरिकेत कार्यक्रम करायची परवानगीच मिळत नव्हती, तिथल्या संगीतकारांच्या युनियनशी बिनसलं होतं. बाकीचे बँड अमेरिका गाजवत होते तेव्हा हे घरी बसून शेजारपाजारच्या माणसांवर गाणी करत होते. त्यातला ‘व्हिलेज ग्रीन’वाला अल्बम १९६८ मध्ये आला, आज त्याला इंग्लिशपणाचं देऊळ मानतात, पण तेव्हा तो ब्रिटनच्या चार्टवर आलाच नाही. म्हणजे इंग्लिशपणा हा काही आपोआप जमिनीतून उगवलेला नव्हता, अमेरिकेचा दरवाजा बंद झाल्यावर एका हुशार माणसाने तो बसून घडवला, आणि त्याच्याच देशाने तेव्हा तो विकत घेतला नाही.

‘स्मिथ्स आणि ओएसिस, अस्सल रक्ताचे’

रक्ताची भाषा काढलीच आहे म्हणून सांगतो. स्मिथ्सचा गायक मॉरिसी, त्याचे आई-वडील डब्लिनचे. गिटारवादक जॉनी मारचे आई-वडील आयर्लंडच्याच किल्डेअर काउंटीतल्या अथायचे. ड्रमर माइक जॉइसचं घरही आयरिश. ओएसिसच्या नोएल आणि लिअम गॅलाघर ह्या भावांची आई आयर्लंडच्या मेयो काउंटीतली, वडील मीथचे. त्यांचा गिटारवादक बोनहेड, त्याचे आई-वडील पण आयरिशच. म्हणजे मँचेस्टरचे जे दोन बँड ‘अस्सल’ म्हणून मिरवले जातायत ते दोन्ही स्थलांतरितांच्या पोरांचे. आणि ते कुठल्या काळात वाढले बघा, १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या पबमध्ये बॉम्बस्फोट झाले, आळ आयरिश अतिरेक्यांवर आला, त्यानंतर कितीतरी वर्षं ब्रिटनमध्ये आयरिश नाव आणि आयरिश बोली म्हणजे संशय. त्या घरांमधल्या पोरांनी देशाला त्याची सगळ्यात लाडकी गाणी दिली, आणि आज त्यांच्याच नावाने ‘बाहेरचे नकोत’ म्हणायचं?

संगीताचं बोलायचं तर स्मिथ्सच्या ‘हाऊ सून इज नाऊ’मधली ती थरथरणारी गिटार बो डिडलीच्या तालावर उभी आहे, मिसिसिपीत जन्मलेला माणूस. आणि मॉरिसी तरुणपणी न्यूयॉर्क डॉल्स ह्या अमेरिकन बँडच्या ब्रिटनमधल्या फॅन क्लबचं काम बघायचा. ओएसिसच्या ‘सिगारेट्स अँड अल्कोहोल’चा रिफ, म्हणजे परत परत येणारी गिटारची धून, टी. रेक्स ह्या ब्रिटिश बँडच्या ‘गेट इट ऑन’वरून आलाय हे सगळ्यांना माहिती असतं, पण टी. रेक्सच्या मार्क बोलनने तो चक बेरीच्या ‘लिटल क्वीनी’वरून घेतला होता, आणि गाणं संपता संपता चक बेरीची ओळच म्हणून टाकली होती, म्हणजे त्याने तर सहीच केली. नोएलच्या त्या फेमस युनियन जॅकवाल्या, म्हणजे ब्रिटनच्या झेंड्याच्या, गिटारवर ब्रँड कुठला तर एपिफोन, अमेरिकन.

आणि ओएसिसचं ‘वंडरवॉल’. लग्नात, कॅम्पफायरला, हॉस्टेलच्या गच्चीवर, जगात कुठेही कोणी गिटार काढली की वाजणारं गाणं. हे नाव बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या १९६८ च्या ‘वंडरवॉल म्युझिक’ ह्या अल्बमवरून आलं, आणि त्या अल्बमचा मोठा भाग रेकॉर्ड झाला जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत, त्यात संतूरवर पंडित शिवकुमार शर्मा. त्याच दिवसांत तिथेच बीटल्सच्या ‘द इनर लाइट’चा वाद्यमेळ रेकॉर्ड झाला, बासरी पंडित हरिप्रसाद चौरसियांची. आता ह्याच्यावर ‘शुद्ध’ असा शिक्का कुठे मारणार?

‘अमेरिकेला हरवलं’

इथे थोडं खरं आहे ते आधी मान्य करतो. १९९२ मध्ये ब्लर हा लंडनचा बँड कर्ज फेडायला लांबलचक अमेरिका टूरवर गेला, गायक डेमन अल्बार्नला घरची आठवण येऊन वेड लागायची पाळी आली, तिथे तो किंक्स ऐकत बसायचा आणि परत येऊन त्याने ‘मॉडर्न लाइफ इज रबिश’ केला. एप्रिल १९९३ मध्ये सिलेक्ट ह्या ब्रिटिश मासिकाने स्वेड बँडच्या गायक ब्रेट अँडरसनच्या मागे युनियन जॅक लावून कव्हर छापलं आणि वर लिहिलं, अमेरिकनांनो घरी जा. पण झेंडा मासिकाने लावला होता, ब्रेटला तो अजिबात आवडला नव्हता.

आणि उलट बाजूने बघितलं तर ज्याला पळवून लावलं म्हणतायत त्या ग्रंजचा कर्ट कोबेन स्वतः स्कॉटलंडच्या व्हॅसलीन्स बँडचा भक्त, त्यांची गाणी त्याने आपल्या निर्वाणा बँडकडून वाजवून घेतली. ही देवाणघेवाण होती, युद्ध वगैरे काही नव्हतं. ब्लरने तर १९९७ मध्ये त्यांचा गिटारवादक ग्रॅहॅम कॉक्सनच्या आवडीच्या पेव्हमेंटसारख्या अमेरिकन बँडांकडे वळून पूर्ण आवाजच बदलला, आणि त्यातलंच ‘साँग टू’ अमेरिकेत त्यांचं सगळ्यात जास्त गाजलेलं गाणं ठरलं. आणि युनियन जॅकच्या चादरीत लिअम गॅलाघर झोपलाय तो गाजलेला फोटो, लंडन परत झुलतंय म्हणणारा, तो मार्च १९९७ च्या व्हॅनिटी फेअरच्या कव्हरवरचा. मासिक अमेरिकन.

‘ब्रिटिश’ म्हणजे नक्की कोण हाही प्रश्न आहेच, कारण वेल्सच्या सुपर फरी अ‍ॅनिमल्सनी २००० मध्ये ‘मुंग’ हा अख्खा अल्बम वेल्श भाषेत केला आणि ग्लासगोजवळच्या टीनेज फॅनक्लब बँडचा जीव अमेरिकेतल्या बिग स्टार बँडवर, त्यांना लंडनच्या झेंड्याखाली बसवायचं म्हटलं तर त्यांनाच विचारावं लागेल.

मला विचाराल तर ह्या गाण्यांमधला ब्रिटिशपणा आहे, भरपूर आहे, पण तो बोलण्यात आहे. पल्प बँडचा जार्विस कॉकर शेफील्डच्या बोलीत सुपरमार्केटबद्दल गातो, डेमन दक्षिण इंग्लंडच्या रस्त्यावरच्या ढंगात, कोणी अमेरिकन असल्याचा आव आणत नाही, ही गोष्ट तेव्हा मोठी होती आणि मला अजून मोठी वाटते. पण खास लंडनचा वाटणारा मॅडनेस हा बँड, ज्यांच्याशिवाय ब्लरचं ‘पार्कलाइफ’ सुचलंच नसतं असं मला वाटतं, त्यांनी स्वतःचं नाव जमैकाच्या प्रिन्स बस्टरच्या गाण्यावरून घेतलंय आणि त्यांचं पहिलंच रेकॉर्ड त्याच्याबद्दल आहे. बोली घरची, ताल जमैकाचा, आणि दोन्ही एकमेकांत इतके मुरलेत की वेगळे काढायला गेलात तर गाणंच उरत नाही.

‘बाहेरचे आले आणि संपलं’

हे तर सरळ चुकीचं. बाहेरचे नंतर आले नाहीत, ते पहिल्यापासून तिथेच होते. एकोबेली ह्या ब्रिटपॉप बँडची गायिका सोन्या ऑरोरा मदान दिल्लीत जन्मलेली, गिटारवादक ग्लेन योहानसन स्वीडनचा, आणि १९९५ चा त्यांचा अल्बम टॉप ५ मध्ये. ओहोटी लागली त्याची कारणं आतली होती. ऑगस्ट १९९७ मध्ये ओएसिसचा ‘बी हियर नाऊ’ आला, आधी हातोहात खपला आणि मग लोकांना कळलं की गाणी लांबत चाललीत आणि सांगण्यासारखं कमी उरलंय. ब्लर दुसरीकडे वळले होते. पल्प १९९८ मध्ये प्रसिद्धीनंतरच्या थकव्यावर अख्खा अल्बम करून बसले. ह्यात कुठल्या स्थलांतरिताचा हात आहे ते दाखवा.

आणि त्याच दशकात काय झालं बघा. ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कात मॉरिसी स्टेजवर युनियन जॅक घेऊन फिरला, मोठा वाद झाला, आणि तजिंदर सिंगच्या एका नव्या बँडने रेकॉर्ड कंपनीच्या ऑफिससमोर त्याचा फोटो जाळला. बँडचं नाव कॉर्नरशॉप, आशियाई म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार हे जे हिणवणं होतं तेच उचलून घेतलेलं. साडेपाच वर्षांनी, फेब्रुवारी १९९८ मध्ये, ह्याच कॉर्नरशॉपचं गाणं डीजे नॉर्मन कुकच्या रीमिक्समध्ये ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. गिटारचे साधे दोन-चार कॉर्ड, आणि गाणं कोणावर? सांगलीत जन्मलेल्या आपल्या आशाताईंवर, ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. त्यात लताबाई आहेत, रफीसाहेब आहेत, ऑल इंडिया रेडिओ आहे, टू-इन-वन आहे, जमैकन गाणी काढणारी ट्रोजन रेकॉर्ड्स आहे, फ्रान्सचा जाक दुत्राँ आहे आणि चक बेरीकडून रिफ घेतलेला तो मार्क बोलन पण आहे. घरात जे जे वाजलं त्या सगळ्यांची नावं त्या माणसाने गाण्यातच घेतलीत, एकही न लपवता.