पगारवाढ टाळायचीय? जग वापरा!

परवा आमच्या नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत इन्क्रिमेंटची पत्रं वाटली. त्यात कामाचं वाक्य एकच, 'जागतिक आर्थिक अनिश्चितता लक्षात घेता यंदा वेतनवाढ शक्य नाही.' इतकं गुणी वाक्य एकाच कंपनीत अडकून पडू नये, तुम्हालाही कधी ना कधी कुणाचे तरी पैसे बुडवायचे असतीलच, म्हणून या टिप्स.

पहिलं म्हणजे कारण लांबचं शोधा. जवळचं सांगितलं की माणूस जाऊन खात्री करून येतो. येमेनच्या हुती बंडखोरांना विचारायला कोण जाणारे, इथं नाशिकचा द्वारका चौक पार करता करता जीव जातो.

आकडा एक तरी फेका, शक्यतो आयएमएफचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा. २०२५ साली जग किती वाढणार, तर जानेवारीत त्यांनी सांगितलं ३.३ टक्के, एप्रिलमध्ये ट्रम्पच्या टॅरिफनंतर, म्हणजे वाढीव आयात शुल्कानंतर, २.८, जुलैत ३.०, ऑक्टोबरात ३.२. तुम्ही एप्रिलचा धरा आणि तिथेच बसून रहा.

स्टाफचा दुपारचा चहा बंद करा. स्वतःची नवी गाडी मात्र मागच्या गेटने आणा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जग फक्त महाग करायलाच आलं पाहिजे, स्वस्त करायला आलं की दार लावायचं. एप्रिल २०२० मध्ये क्रूड, म्हणजे कच्चं तेल, पिंपाला वीस डॉलरच्या आसपास आलं होतं, आपल्याला काय मिळालं, तर मे महिन्यात पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये जादा एक्साइज. हुतींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, द्राक्षाचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला जायला लागले, भाडं वाढलं म्हणून बागाईतदाराचा भाव कापला, नंतर भाडं उतरल्यावर तो परत वाढवून दिलेला कुणी बागाईतदार असेल तर फोटो टाका, फ्रेम करतो. आणि कांद्याला बाहेर भाव मिळायला लागला रे लागला की जग एकदम बंदच! ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात सरळ बंदी, आमच्या मामाचा लाल कांदा तेव्हा ट्रॉलीत भरून तयार, आणि लाल कांदा काय उन्हाळ कांद्यासारखा चाळीत ठेवता येतो का, निफाड तालुक्यातल्या लासलगावच्या बाजारात जो पुकारला त्या भावात देऊन आला बिचारा. मे २०२४ मध्ये बंदी उठली तीही टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि वर तेच ४० टक्के लावून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. पण मामा फवारणीचं औषध आणायला गेला की दुकानदार लगेच, 'चीनवरून माल महाग येतोय दादा.' म्हणजे घेताना जग आणि विकताना निफाड तालुका!

कोणी फारच वाद घातला तर 'एआय' म्हणा, गप्प बसतो.

बास झालं. साहेब, आपण गाड्यांचे ब्रॅकेट बनवतो आणि ते अमेरिकेला नाही, पुण्याजवळ चाकणला जातात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या मालावर अमेरिकेचं ५० टक्के टॅरिफ लागलं तेव्हा आपल्या शॉपमधला एक प्रेस थांबला नाही. उलट २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ झाला, दसरा-दिवाळीला गाड्या अशा खपल्या की आम्हाला रविवारी बोलावलंत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सेकंड शिफ्ट लावलीत, आणि त्या ओटीचे, म्हणजे ओव्हरटाइमचे, पैसे सिंगल रेटने दिलेत. द्यायचं नाही तर नाही म्हणा ना तोंडावर, ट्रम्पच्या मागे कशाला लपता?

आणि तुम्ही रे, माझ्या शिफ्टवाल्यांनो! पत्र हातात पडलं तर 'हो ना, जगातच वाईट चाललंय' म्हणून माना डोलावल्या. लाज वाटत नाही? ओटी डबल रेटने द्यायची हे कायद्यात लिहिलंय, ते तरी मागा. सोमवारी एचआरकडे जायचंय, सगळ्यांनी यायचं, मला एकट्याला आत ढकलून बाहेर टपरीवर उभं राहायचं नाही.