एक नाव विरुद्ध सहा नावं

एक चित्र कित्येक वर्षं फिरतंय. मधोमध रेघ, दोन बाजू. डावीकडे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं ‘बोहेमियन रॅप्सडी’, १९७५. गाणं लिहिणारे १, प्रोड्यूसर १, खाली चार भारदस्त ओळी. उजवीकडे अमेरिकन गायिका बियॉन्सेचं ‘रन द वर्ल्ड (गर्ल्स)’, २०११. लिहिणारे ६, प्रोड्यूसर ४, खाली एकच ओळ पुन्हा पुन्हा. निष्कर्ष बघणाऱ्याने काढायचा आणि तो काढतोच: पूर्वी एकट्याला जे जमायचं ते आता सहा जणांना मिळूनही जमत नाही. मग पुढे पाठवणारा प्रत्येक जण आपली भर घालतो. तेव्हा यंत्रं नव्हती. बँड सगळं स्वतः वाजवायचे. ऐकणाऱ्यांना कान होते. आणि आता तर संशोधनानेही हे सिद्ध झालंय म्हणे.

मी क्वीनचा भक्त आहे. हे गाणं ज्यात आहे तो ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ अल्बम कितीदा ऐकला ते मोजायच्या भानगडीत पडलेलो नाही. म्हणूनच हे चित्र मला दुप्पट खटकतं. बियॉन्सेवर ते अन्याय करतंच, पण क्वीनबद्दलही धडधडीत चुकीचं सांगतं.

‘सहा जण लागले’

हा त्या चित्राचा कणा, म्हणून इथे जरा रेंगाळतो. ती सहा नावं कोणाची, हे चित्रात कुठेच नाही. सांगतो. स्वतः बियॉन्से आणि ‘द-ड्रीम’ या नावाने गाणारा टेरियस नॅश, हे दोघं. उरलेली चार नावं डिप्लो, स्विच, अफ्रोजॅक आणि व्हायब्झ कार्टेल यांची, आणि हे चौघंही २००९ च्या एका वेगळ्याच गाण्याचे कर्ते: मेजर लेझरचं ‘पॉन द फ्लोअर’. हेडफोन लावा आणि दोन्ही गाणी पाठोपाठ ऐका. बियॉन्सेच्या गाण्याखाली जो ताशासारखा तडतडणारा ठेका आहे, तो त्या आधीच्या गाण्यातून उचललेला आहे. उचलला, तो कोणाचा ते कागदावर लिहिलं, आणि ज्यांचा होता त्यांना वाटा दिला. सहा हा आकडा किती डोकी खपली याचा नव्हे. कोणाकोणाचं देणं मान्य केलं, याचा आहे.

हे आकडे कसे फुगतात ते बघायचं असेल तर २०१४ चं ‘अपटाउन फंक’ घ्या. ते आलं तेव्हा लिहिणाऱ्यांची सहा नावं होती. २०१५ मध्ये गॅप बँडच्या १९७९ मधल्या एका गाण्याशी साम्य आहे म्हणून आणखी पाच नावं जोडली गेली, झाले अकरा. गाण्यातला एक सूरही हलला नाही. चित्राच्या हिशेबाने मात्र ते गाणं एका रात्रीत जवळपास दुपटीने भिकार झालं.

आता उलट बाजू. जुन्या रेकॉर्डवर एक-दोनच नावं दिसतात, ती नेहमी एक-दोघांचीच कामगिरी असते का? पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मध्ये, १९७३ साली, ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ नावाचं गाणं आहे. गाणं म्हणायचं ते रिचर्ड राइटच्या पियानोवर एका बाईच्या आवाजातल्या शब्दाविना आलापीला. ती क्लेअर टोरी. तिला स्टुडिओत बोलावलं, तिने ते जागच्या जागी उभं केलं, तीस पौंड बिदागी घेतली आणि घरी गेली. रेकॉर्डवर रचनाकार म्हणून एकट्या राइटचं नाव. तीस वर्षांनी, २००४ मध्ये, ती कोर्टात गेली. २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून तिथे दोन नावं आहेत. प्रोकोल हारमच्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ (१९६७) मधला ऑर्गन ज्याच्या बोटांतून उतरला, त्या मॅथ्यू फिशरला हाऊस ऑफ लॉर्ड्सकडून, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाकडून, त्याचा वाटा मिळायला २००९ उजाडलं. ४२ वर्षं! लेड झेपेलिनच्या ‘होल लोटा लव्ह’ वर आज ब्लूज गीतकार विली डिक्सनचं नाव आहे, तेही त्याने १९८५ मध्ये दावा ठोकला म्हणून. १९६९ मध्ये नव्हतं. आज ही गाणी झाली असती तर नावं पहिल्या दिवसापासून असती आणि कोणीतरी ती मोजून चित्र केलं असतं.

खुद्द क्वीनचं काय? गायक डेव्हिड बोवीबरोबरच्या ‘अंडर प्रेशर’ (१९८१) वर पाच नावं आहेत. १९८९ च्या ‘द मिरॅकल’ पासून तर त्यांनी ठरवलंच की कोणीही लिहिलं तरी गाणं ‘क्वीन’ च्या नावावर, म्हणजे सरसकट चौघांच्या. यामागे पैसा होता. ‘बोहेमियन रॅप्सडी’ च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्यांचा ड्रमर रॉजर टेलरचं ‘आय’म इन लव्ह विथ माय कार’ होतं. रेकॉर्ड विकली गेली की दोन्ही बाजूंच्या लेखकाला सारखीच रॉयल्टी. म्हणजे जगभर गाजलं गायक फ्रेडी मर्क्युरीचं गाणं, आणि तेवढीच कमाई मोटारीवरच्या त्या गाण्याची! बँडमध्ये यावरून बराच काळ धुसफूस होती. तेव्हा नावांच्या यादीवरून प्रतिभा मोजू नये. ती यादी हिशेबनिसासाठी असते.

‘प्रोड्यूसर एकच’

चूक. रेकॉर्डवर ‘रॉय थॉमस बेकर आणि क्वीन’ असं आहे. डोकी मोजायचीच असतील तर पाच. शिवाय तेव्हाचा प्रोड्यूसर म्हणजे काचेपलीकडे बसून रेकॉर्डिंग घडवून आणणारा माणूस. आज ठेका रचणाऱ्यालाही प्रोड्यूसरच म्हणतात. शब्द तोच राहिला आणि काम बदललं, त्यामुळे ही मोजणी तशीही निरर्थक आहे.

‘तेव्हा यंत्रं नव्हती, सगळं स्वतः’

हे वाचलं की मला खरोखर हसू येतं. कारण तेव्हाच्या रॉकमध्ये यंत्राच्या मानगुटीवर बसून काम करून घेतलेलं गाणं शोधायचं म्हटलं, तर पहिलं बोट ‘बोहेमियन रॅप्सडी’ वरच ठेवावं लागेल. मधल्या ऑपेराच्या भागात जो भलामोठा वृंद ऐकू येतो, तो वृंद नाहीच. मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे आणि टेलर हे तिघंच आहेत. टेप मशीनवर चोवीस ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज भरायच्या चोवीस जागा. तिघांनी गायचं, मग तेच पुन्हा वर गायचं, भरलेले ट्रॅक एकत्र करून एका जागी उतरवायचे, रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं. असे सुमारे १८० थर चढले म्हणतात. तीच टेप मशीनच्या हेडवरून इतक्या वेळा घासली गेली की तिच्यावरचा थर झिजून आरपार उजेड दिसायला लागला, हा किस्सा बँडवाल्यांनीच सांगितलेला. यातलं काहीही एका दमात, एका खोलीत, ‘नैसर्गिक’ घडलेलं नाही. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा सगळ्यात वरचा, शिट्टीसारखा चढलेला आवाज पकडा. तो ड्रमरचा आहे.

बीटल्सनी तर आणखी पुढची मजल मारली होती. जॉन लेननला तीच ओळ दोनदा गाऊन आवाज जाड करायचा कंटाळा यायचा, म्हणून ॲबी रोड स्टुडिओतल्या केन टाउनसेंडने १९६६ मध्ये आवाजाची नक्कल किंचित मागेपुढे सरकवून आपोआप दुहेरी करणारी युक्ती काढली. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ म्हणजे वेगवेगळ्या पट्टीतले, वेगवेगळ्या लयीतले दोन टेक टेपचा वेग कमीजास्त करून एकमेकांना चिकटवलेले. ऑटोट्यून, म्हणजे गायकाचा चुकलेला सूर जागेवर आणणारं सॉफ्टवेअर, आलं १९९७ मध्ये. त्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी निदान एवढं म्हणावं की, मला यंत्राचा हा वापर आवडतो आणि तो आवडत नाही. तेवढं प्रामाणिक आहे. ऑटोट्यूनने सपाट केलेले काही आवाज मलाही सहन होत नाहीत.

आणि ‘स्वतः वाजवायचे’? बर्ड्सच्या ‘मिस्टर टँबोरिन मॅन’ वर, १९६५, बँडपैकी वाद्य वाजवलंय एकट्या रॉजर मॅग्विनने. बाकी वादन लॉस एंजेलिसच्या भाडोत्री सेशन वादकांचं. बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’ वरचं बरंचसं वादनही त्याच गोतावळ्यातलं. म्हणून ती रेकॉर्ड कमअस्सल ठरते का? मुळीच नाही.

‘शब्द बघा, केवढा फरक’

एका गाण्याचं कडवं उचलायचं आणि दुसऱ्याचं ध्रुवपद, मग दोन्ही शेजारी ठेवायचे, ही लबाडी शाळकरी आहे. क्वीनचंच ‘वी विल रॉक यू’ घ्या आणि त्याचं ध्रुवपद कागदावर उतरवा. किंवा बीटल्सचं ‘आय वाँट यू (शीज सो हेवी)’: पावणेआठ मिनिटांचं गाणं आणि शब्द पोस्टाच्या तिकिटावर मावतील एवढे. नाचायचं किंवा मैदानभर लोकांनी एका आवाजात ओरडायचं गाणं तसंच असावं लागतं.

‘तेव्हा लोकांना कान होते’

१९६९. बीटल्सचा ‘ॲबी रोड’ त्या वर्षीचा. लेड झेपेलिनचे पहिले दोन अल्बम त्याच वर्षीचे. आणि बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या वार्षिक यादीत पहिलं गाणं कोणतं? ‘शुगर, शुगर’, आर्चीजचं. आर्चीज म्हणजे कार्टूनमधला बँड, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेला. त्याआधी १९६७ मध्ये ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ आणि ‘पेनी लेन’ एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंवर आले, आणि ब्रिटनमध्ये ती रेकॉर्ड पहिल्या क्रमांकावर गेली नाही. एंगलबर्ट हम्परडिंकचं ‘रिलीज मी’ वाटेत बसलं होतं. त्याच साली व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा पहिला अल्बम अमेरिकेत १७१ व्या क्रमांकापर्यंत कसाबसा पोहोचला. आज आपल्याला तो काळ सुवर्णयुग वाटतो, कारण पन्नास वर्षांत गाळ खाली बसला आणि वरचं पाणी तेवढं आपल्या ओंजळीत आलं. आजचा गाळ अजून ढवळलेला आहे.

‘संशोधनाने सिद्ध झालंय’

हा मुद्दा मात्र उडवून लावता येत नाही. २०१२ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० मधल्या ४,६४,४११ ध्वनिमुद्रणांचं विश्लेषण केलं, आणि त्यात खरंच दिसलं की वाद्यांच्या नादाची विविधता आक्रसलीय, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जायच्या वाटा कमी झाल्यात, आवाजाची पातळी मात्र चढत गेलीय. पण २०१५ मध्ये लंडनमधून दुसरा अभ्यास आला: बिलबोर्ड हॉट १०० मधली १९६० ते २०१० ची सुमारे १७,००० गाणी. त्यांना सतत एकसुरी होत जाण्याचा पुरावा सापडला नाही. १९६४, १९८३ आणि १९९१ या सुमाराला तीन मोठ्या उलथापालथी दिसल्या, त्यातली १९९१ ची, म्हणजे रॅप आलं ती, सगळ्यात मोठी. आणि विविधता तळाला गेली होती ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, ज्या दशकासाठी उसासे टाकणारी स्वतंत्र चित्रं फिरत असतात. दोन्ही अभ्यासांत गाणी वेगळी, मोजायची रीत वेगळी. एकाचंच नाव घेऊन ‘सिद्ध’ म्हणता येत नाही.

आवाजाच्या पातळीची तक्रार मात्र शंभर टक्के खरी, आणि ती रसिकांनी स्वतः पकडलेली आहे. सप्टेंबर २००८ मध्ये मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला. सीडी ऐकताना कान शिणायचे, ड्रम फाटल्यासारखे वाजायचे. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठीही दिली होती, आणि गेममध्ये ती मोकळी, खोल ऐकू येतात हे चाहत्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दोन्हींचे ध्वनिआलेख काढून शेजारी ठेवले. एका बाजूला वरपासून खालपर्यंत भरलेला सपाट ठोकळा, दुसऱ्या बाजूला चढउतार, मधे श्वास घ्यायला जागा. अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. तेही दोन बाजूंचंच चित्र होतं, फक्त ते काढणाऱ्यांनी आधी दोन्ही बाजू ऐकल्या होत्या.