थापा मारा, पण एकाच काळात

"येमेन आलाय, इराणला उशीर होणारे आणि थायलंडचं पोट बिघडलंय," असं आमची ही स्वयंपाकघरातून ओरडते, तेव्हा घरी आलेला नवखा पाहुणा दचकतो. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या या परदेशी मुलांची नावं लक्षात राहत नाहीत अशातला भाग नाही. पण दोन्ही येमेन्यांचं नाव एकच. म्हणून टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला बसतो तो उत्तर येमेन आणि फ्रिजकडचा दक्षिण. जगाच्या नकाशावर हे दोन देश १९९० साली एक झाले. आमच्या जेवणाच्या टेबलावर ती बातमी अजून पोचायची आहे.

शाळेतून निवृत्त झालो आणि शेजारच्या सोसायटीतल्या एका परदेशी मुलाला इंग्रजीत अर्ज लिहून दिला. तिथून हे लचांड मागे लागलं. पुण्याला परदेशी विद्यार्थी काही नवीन नाहीत. कोणी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर येतो, कोणी बापाच्या पैशावर. पदवी हातात यायची वेळ झाली की त्यांना कॅनडाचे, नाहीतर ब्रिटनचे वेध लागतात, आणि मग आयेल्ट्स नावाची इंग्रजीची परीक्षा आडवी येते.

पहिली लढाई 'प'शी. अरबीत हा उच्चारच नाही. त्यामुळे दक्षिण येमेन 'बुण्या'त नारायण 'बेठे'त राहतो आणि सकाळी 'बोहे' खातो. यावर कुठल्याशा व्हिडिओत उपाय सापडला: ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, 'प' म्हटला की पट्टी हलते, 'ब' म्हटला की हलत नाही. मी पट्टी धरली आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "पार्क!" पट्टी ढिम्म. "पेपर! पेन!" पट्टीला घाम नाही. साहेब शब्दाच्या सुरुवातीचा 'प' जवळजवळ आपल्या फणसातल्या 'फ'सारखा फुंकून काढतो, आपला 'प' मात्र काटकसरी, हवा वाया घालवत नाही. त्या दिवसापासून आम्ही सगळे 'फेफर' म्हणत पट्ट्या उडवत बसतो. हिला वाटतं, दम्याचं औषध चाललंय.

इराणचं दुखणं वेगळं. फारसीत 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम, त्यामुळे इंग्रजीत माझी बायको 'ही' आणि मी 'शी'. शिवाय तिच्याकडे 'तआरोफ' नावाचा शिष्टाचार. म्हणजे काही पुढे केलं की आधी नको म्हणायचं, समोरच्याने पुन्हापुन्हा आग्रह करायचा, मग संकोचून घ्यायचं. आणि ही पोरगी शिकायला आली कुठे, तर पुण्यात! आम्ही चहा एकदा विचारतो. नको म्हणाली की नको. बिचारी कितीतरी दिवस कोरडीच घरी जात होती.

पण खरा छळ म्हणजे तोंडी परीक्षा. अकरा ते चौदा मिनिटांची. त्यात मधे एक कार्ड हातात देतात, विचार करायला एक मिनिट आणि बोलायला दोन. आता ज्या विषयावर माणूस जन्मात बोलला नाही, त्यावर अनोळखी माणसापुढे काय बोलणार? मी सरावाला विचारलं, "तुम्हाला आवडलेल्या एखाद्या चित्राबद्दल सांगा."

दक्षिण येमेन म्हणाला, "मी चित्रं बघत नाही."

उरलेला वेळ आम्ही पंख्याचा आवाज ऐकला.

"अरे, काहीतरी बनवून सांग!"

"पण सर, ते खोटं होईल."

वर्गात थाप मारणाऱ्याला मी आयुष्यभर बाकावर उभं केलं. आता त्याच तोंडाने सांगावं लागलं की बाबा रे, परीक्षक भाषा तपासतो, तुझं चारित्र्य नाही. नसलेली आत्या आण, न झालेला प्रवास कर. फक्त एक पथ्य पाळ: ज्या काळात सुरुवात केलीस त्याच काळात शेवट कर. मधेच भूतकाळातून वर्तमानात उडी मारलीस की मार्क गेले.

उत्तर येमेन जात्याच थापाड्या, त्याला शिकवावं लागलं नाही. दक्षिण मात्र खोटं बोलायचं म्हटलं की घामाघूम व्हायचा.

दक्षिणची परीक्षा झाली. निकाल लागला. साडेसहा! हवे होते सहा. पठ्ठ्या येमेनी मधाची बाटली घेऊन हजर. कार्डावर काय आलं होतं, मी विचारलं.

"तुमच्या ओळखीच्या एका वृद्ध व्यक्तीबद्दल सांगा. मी तुमच्याबद्दल बोललो, सर."

मी सावरून बसलो.

"सांगितलं, ते रोज पहाटे सिंहगड चढायचे. नदीत पोहायचे. सात भाषा बोलायचे."

"वा! मग?"

"मग परीक्षकाने विचारलं, ते अजूनही गड चढतात का? सर, मी सगळं भूतकाळात बोलून बसलो होतो. तुम्हीच म्हणाला होता, काळ बदलायचा नाही." त्याने मान खाली घातली. "म्हणून तुम्हाला वारावं लागलं."

हिने त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि अगदी आस्थेने विचारलं, "कशाने गेले रे?"