पॅनल पाच वर्षांत जातं? अहो थांबा जरा

मागच्या पोस्टखाली ठाण्याच्या एका वाचकांनी चांगलंच झापलंय. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर (ज्यात कोनऐवजी चपट्या पॅनलमध्ये ताणलेली, चार्ज दिलेली पातळ फिल्म हलून आवाज काढते) म्हणजे पैसेवाल्यांचं खेळणं, पाच वर्षांत पॅनल जातं, आपल्या दमट हवेत तर दोनच, मित्राची जोडी अशीच गेली, आणि मी लोकांना सेकंडहँड घ्या सांगून खड्ड्यात घालतोय, मग जबाबदारी कोणाची? उत्तर लांबलं म्हणून इथेच टाकतो.

दादा, पहिल्यांदा वाचून डोकं फिरलं, खोटं कशाला बोलू. पण पाच वर्षांचा आकडा आणला कुठून? इंग्लंडच्या क्वाड कंपनीचा पहिला ईएसएल, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, १९५७ ला आला, १९८५ पर्यंत बनत होता, आणि त्यातले कित्येक अजून वाजतायत. हां, बऱ्याच जोड्यांचे पॅनल मधे रिबिल्ड झालेत, ते लपवत नाही. पण गेले कशाने ते बघा ना. तो स्पीकर १५ वॉटच्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पच्या जमान्यातला, पुढे लोकांनी दणदणीत ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प लावले, आवाज चढवला, मधल्या ट्रेबल (वरच्या सुरांच्या) पॅनलमध्ये ठिणगी पडली आणि फिल्मला भोक. ह्याला म्हातारपण म्हणायचं का? नंतरच्या ईएसएल-६३ मध्ये प्रोटेक्शन सर्किट दिलं, तर तिथे वेगळंच लफडं, वर्षानुवर्षांनी पॅनलचा गोंदच सुटायला लागला. फिल्म बिचारी ठीक. अर्थात पॅनल खोलावं लागतंच, म्हणजे खिशाला तेवढीच कात्री.

आता दमट हवा. तिचा त्रास होतो हे तुमचं शंभर टक्के बरोबर. फिल्म काही मायक्रॉनची, तिच्यावर हजारो व्होल्टचा बायस (कायम दिलेला चार्ज), त्यामुळे ती धूळ ओढते, धूळ ओल धरते, चार्ज गळायला लागतो आणि आवाज बसतो. पावसाळ्यात गाणं बंद असतानाही टिक... टिक... ऐकू आलं की समजायचं. मी जून ते सप्टेंबर खोलीत डीह्युमिडिफायर लावतो, बायको म्हणते माणसांसाठी एवढं करत नाहीस!

पण आवाज बसला म्हणजे पॅनलच गेलं असं नसतं. माझीच डावी बाजू दोन वर्षांपूर्वी अशी बसली. चॅनल उलटसुलट करून बघितले, डावीच मंद. ज्याला विचारावं तो म्हणे पॅनल बदल. रात्री सगळे दिवे घालवून जाळीला नाक लावून बसलो, ना टिकटिक, ना निळी ठिणगी. शेवटी एका जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांनी हाय व्होल्टेजचा बोर्ड तपासला, व्होल्टेज चढवणारी डायोड आणि कपॅसिटरची जी शिडी असते ती थकलेली, व्होल्टेज पूर्ण चढतच नव्हतं. पार्ट किरकोळ किमतीचे. ते बदलले, अजून तेच पॅनल वाजतंय. (हे वाचून कोणी स्वतः झाकण उघडू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज असतो.)

आणि नेहमीचे कोनवाले स्पीकर काय अमरपट्टा घेऊन येतात? फोमची कड असलेला जुना वूफर बोटाने दाबून बघा, भुगा हातात येईल.

जबाबदारी कोणाची म्हणालात, तो टोमणा मान्य. सेकंडहँड घेताना पॅनल रिबिल्डचे पैसे बाजूला ठेवा हे मी लिहायलाच हवं होतं, पोस्टमध्ये आता टाकलंय. तेवढं मित्राला विचारा, जोडी नुसती मंद झाली होती की तडतडत होती? मंद असेल तर बोर्ड तपासेपर्यंत भंगारात देऊ नका म्हणावं.