खालचं कोण बघतंय?

अभिनंदन! राजस्थानातल्या किशनगडच्या बाजारात जाऊन, स्लॅबवर पाणी मारून, रेषा जुळवून तुम्ही पांढरा संगमरवर आणलात. बजेट तिथेच संपलं, हे उत्तम झालं. आता दगडाखाली जे जाणार ते कोणाला दिसणार आहे? काटकसर तिथेच करायची.

अ‍ॅडेसिव्ह (लादी चिकटवायचा सिमेंटचा माल) राखाडीच घ्या. पांढरं महाग पडतं. पांढरा संगमरवर थोडा उजेड आत घेतो, त्यामुळे खालचा राखाडी रंग सावलीसारखा वर दिसेल, एवढंच. पाहुण्यांना सांगायचं, दगडाची नैसर्गिक छटा आहे. पोत्यावर आयएस 15477 हा भारतीय मानकाचा नंबर आणि टाइप 1 ते 5 असलं काहीबाही छापलेलं असतं. टाइप 1 उचला; स्वस्तही आणि नंबरही एक! पाण्याचं मापही तिथेच लिटरमध्ये दिलेलं असतं, पण मिस्त्रीच्या हाताला अंदाज आहे ना? माल घट्ट व्हायला लागला की वरून मगभर पाणी ओतायचं, घमेलं पुन्हा जिवंत. चिकटपणा मेलेला असतो, पण तो दिसत नाही.

लावायची पद्धत आपली जुनीच: मालाचे पाच गोळे, चार कोपऱ्यांना, एक मधोमध, आणि वरून रबरी हातोडी. दातेरी थापीने एकाच दिशेने रेघा ओढा, लादीच्या पाठीलाही हात फिरवा, मधूनच एखादी ओली लादी उचलून पाठ पूर्ण भरली का पाहा, हे सगळं वेळखाऊ लोकांचे छंद. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते. नाणं वाजवलंत तर ढबढब आवाज येईल. म्हणून वाजवू नका. कपाटाचा पाय नेमका तिथे आला की तडा स्वतःच जागा दाखवेल.

देवघराला केसरियाजीचा हिरवा संगमरवर? वा. तोही त्याच घमेल्यातून चिकटवा. हा दगड एका बाजूने पाणी प्यायला की वाकतो आणि सकाळी लादीच्या कडा पापडासारख्या वर आलेल्या दिसतात. त्याला इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असलं बिनपाण्याचं अ‍ॅडेसिव्ह लागतं म्हणतात. इटालियनच्या पाठीला रेझिनची जाळी असते, तिथेही म्हणे तेच. सिमेंट रेझिनला नीट धरत नाही. पण भिंतीवरची लादी सुटलीच तर पाठ कशी गुळगुळीत होती ते तुम्हाला निवांत पाहता येईल.

सांधे अजिबात सोडू नका. 2 मिलिमीटर फट म्हणजे मिस्त्रीचा अपमान. कुठे राहिलीच, तर रेतीवालं ग्राउट (फटीत भरायचा माल) पॉलिशवर दाबून घासा. ओरखडे उन्हातच दिसतात. रंग गडद निवडा, दगडाला आधी सीलर (दगडात मुरणारं संरक्षक द्रव) न लावता भरा, म्हणजे प्रत्येक लादीला फुकटात चौकट मिळेल. बेसिनच्या कडेला सिलिकॉन लागेल. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला की माल अस्सल! तो वास अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा असतो आणि संगमरवराला अ‍ॅसिड खातं, म्हणून दगडासाठी न्यूट्रल सिलिकॉन वेगळं मिळतं. दुकानदाराने विचारलं नाही, तर आपणही विचारू नये.

आता सीलर. वास्तुशांतीची तारीख गुरुजींनी काढली आहे, तेव्हा आदल्या रात्रीच मारा. खालचा ओलावा अजून वर येतोय? त्याला झाकण घाला. तो आत कोंडून ठिकठिकाणी काळपट डाग धरेल, दगडात लोह असेल तर पिवळाही पडेल. कोरड्या दगडावर पाण्याचा थेंब ठेवून दहा मिनिटं पाहायचं, ओला डाग उमटला तर सीलर लावायचा, नाही तर गरज नाही, ही तपासणी करायला दहा मिनिटं आणायची कुठून?

एकदा सीलर लागला की पूजेत हळद सांडू दे, लिंबू पिळू दे. सीलर डाग अडवत नाही, पुसायला थोडा वेळ देतो, आणि लिंबाने चकाकी जाते ती तर तो थांबवूच शकत नाही. पण डबीवर घर हसताना दाखवलंय, तेव्हा विश्वास ठेवा. तरी डाग राहिलाच, तर संडास धुवायचं अ‍ॅसिड ओता. फसफसून बुडबुडे येतील. मळ निघतोय.